पाळीवरचा पिवळा दिवा

तुम्ही कधी जुनी गाडी विकत घ्यायला गेलात तर विकणारा आधी इंजिन सुरू करून दाखवतो. ते करू देऊ नका. म्हणावं, चावी माझ्याकडे द्या. ती अर्धी फिरवायची आणि थांबायचं. इंजिन सुरू करायचं नाही, नुसतं समोर बघायचं. त्या काळच्या गाड्यांत डॅशबोर्डवर दोन दिवे लागायला हवेत, एक लाल आणि एक पिवळा. मग इंजिन सुरू केलं की दोन्ही विझायला हवेत. विकणारा म्हणतो, "पाहा साहेब, एकही दिवा लागत नाही, गाडी ठणठणीत." आणि माणसं भुलतात. मी लाखनीला हमरस्त्यावर वायरिंगचं दुकान टाकून उभं आयुष्य हे दिवे तपासण्यात घालवलं, तेव्हा माझं ऐका. ज्या गाडीत दिवा लागतो तिला दुखणं असतं. ज्या गाडीत दिवा लागतच नाही तिला दुखणं असतं आणि ते कोणीतरी लपवलेलंही असतं.

लाल दिवा बॅटरीचा. इंजिन फिरतं तेव्हा डायनामो बॅटरी भरत असतो. तो भरेनासा झाला की लाल दिवा लागतो. हे दुखणं सौम्य. वीस-पंचवीस मैल तरी गाडी रेटता येते. पिवळा दिवा तेलाचा. इंजिनाच्या खाली तेलाचा चेंबर असतो, त्यातलं तेल एका जाळीतून गाळून पंप वर ओढतो आणि हलणाऱ्या सगळ्या भागांना पुरवतो. तेलाचा दाब आहे तोवर पिवळा दिवा विझलेला. दाब गेला की तो लागतो. तो लागला की जिथे असाल तिथे गाडी बंद करायची, मग मागे वऱ्हाड बसलेलं असो की आजारी माणूस. दोन मिनिटांत इंजिन जाम होतं, आणि जाम झालेलं इंजिन म्हणजे लोखंडाचा धोंडा.

हे मी ज्याला त्याला समजावून सांगायचो, आणि लोक आपल्या मनाचंच करायचे. एका व्यापाऱ्यानं लाल दिव्यावर देवाचा फोटो चिकटवला होता. का, तर "डोयात खुपते जी तो." पुढे जंगलात बॅटरी बसली आणि रात्रभर तो देवासकट तिथेच बसला. नागपूरकडून गाड्या आणून विकणारा एक दलाल होता. त्याच्या गाडीत चावी फिरवली की दोन्ही दिवे लागायचे, इंजिन सुरू झालं की दोन्ही विझायचे, अगदी शहाण्या मुलांसारखे. मला संशय आला तो त्या शहाणपणाचाच. दोघं एकदम, एका क्षणी विझत होते. खाली वाकून पाहिलं तर पिवळ्या दिव्याची तार इंजिनावरून काढून लाल दिव्याच्या तारेला जोडली होती. म्हणजे तेलाचा थेंब नसला तरी डायनामो फिरला की पिवळा दिवाही विझणार. मी त्या दलालाला भर रस्त्यावर असं काही सुनावलं की चहाच्या टपरीवरचे ट्रकवाले उठून बघायला आले. "हे फसवणं नाही, हे खून करणं आहे," असं मी म्हणालो होतो. हे वाक्य लक्षात ठेवा, मला ते विसरता आलेलं नाही.

माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. माझ्या वडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हा घरातले देव एका टोपलीत घालून नदीत सोडले. आमच्या घरात अंगारा नाही, उतारा नाही, अंगात येणं नाही. 'तार तपासावी, मग बोलावं' हा माझा बाणा. गिऱ्हाईक म्हणालं, गाडीला नजर लागली, की मी म्हणायचो, नजर लागली नाही, फ्यूज उडाला. याचा मला गर्व होता. गर्वाचं घर खाली, हे दुसऱ्यांना ऐकवायला बरं असतं.

केशव माझ्याकडे आला तो एका दिवाळीनंतर, सत्तरचं दशक संपता संपता. तिकडे आसगावाच्या बाजूच्या एका खेड्यातला शेतकरी, तिशीच्या आतला. गाडी काळी, गोल पाठीची, जन्मापासून तिसऱ्या की चौथ्या मालकाकडची. गाडीतून उतरून तो आधी मागे गेला, मग पुढे आला. कुठून सुरुवात करावी हे त्याला कळत नव्हतं.

"मिस्त्रीजी, तो पिवळा दिवा लागते."

"लागणारच. कधी लागतो?"

"कधी नाही जी, कुठी ते विचारा. आमच्या तलावाच्या पाळीवर लागते. तितंच लागते. दुसरीकडं लागत नाही."

मी हसलो. तो हसला नाही. मग त्यानं सांगितलं ते असं. गाडी त्याच्या थोरल्या भावाची, वासुदेवची. वासुदेवनं ती जुनी घेतली आणि भाड्यानं चालवली, लग्नाला, दवाखान्याला, कोर्टकचेरीला. इंजिन तेल प्यायचं, म्हणून रोज सकाळी तो बॉनेट उघडून त्यात तेल ओतायचा. आई ओसरीवरून बघायची. अडीच वर्षांपूर्वी वैशाखात, भर दुपारी, तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, चढताना वासुदेवच्या छातीत कळ आली. त्यानं कसाबसा ब्रेक लावला असावा. गाडी बंद पडली, चावी फिरवलेली तशीच राहिली. घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांनी आईला बोलावून आणलं. आई आली तेव्हा वासुदेव स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला होता आणि समोर दिवा लागलेला होता.

दोन दिवे असणार, लाल आणि पिवळा. इंजिन बंद आणि चावी चालू म्हटल्यावर दोन्ही लागतात. पण आईला आठवत होता तो पिवळाच. गावातून माणसं येईपर्यंत ती त्याच्याजवळ बसून राहिली. बॅटरी जुनी होती. दिवा हळूहळू मंद होत गेला आणि संध्याकाळच्या आत विझला. "तो तवा गेला," असं आई म्हणायची. डॉक्टर म्हणाले, दुपारीच गेला होता. आईचं म्हणणं, दिवा होता तोवर होता.

"आन् त्याच सालच्या दिवाळीपासून," केशव म्हणाला, "पाळीवर आलो का दिवा लागते. पयले कधीमधी लागे. आता दर खेपेले लागते. आई गाडी थांबवाले लावते. त्याच्यासंग बोलते. माही बायको सात महिन्याची हाये मिस्त्रीजी. ते भेली हाये. जेवत नाही."

मी चावी अर्धी फिरवली. दोन्ही दिवे लागले. इंजिन सुरू केलं, लाल आधी विझला, पिवळा अर्ध्या श्वासानं मागून. म्हणजे कुणी जोडाजोड केलेली नव्हती, गाडी प्रामाणिक होती. बॉनेट उघडलं. इंजिनात तेल ओतायच्या झाकणावर हळदकुंकवाची बोटं उठली होती. दसऱ्याला लोक गाडीच्या कशालाही कुंकू लावतात, मी तिकडे दुर्लक्ष केलं. दिव्याची तार धरून मागे मागे गेलो. इंजिनाच्या मागच्या पत्र्यातल्या भोकातून ती जिथे आत शिरते तिथे तिचं रबर घासून गेलं होतं. तांबं उघडं. हे बघा, मी केशवला म्हणालो, चढावर इंजिन मागे रेलतं, उघडी तार पत्र्याला टेकते आणि दिवा लागतो. तुमचा सगळा मुलूख सपाट, धानाच्या शेतांच्या बांध्याच बांध्या. चढ असा तो पाळीवर एकच. म्हणून तिथेच लागतो. झालं तुमचं भूत.

मी तारेला टेप गुंडाळली. केशवचा चेहरा उजळला. म्हणाला, "तुमीच चला ना जी एक खेप. आई माहं आयकत नाही, तुमचं आयकन." शहाणपण मिरवायची संधी मी सोडणाऱ्यातला नव्हतो. गेलो.

त्याच्या घरून निघालो तेव्हा दुपारचे चार वाजले असतील. पुढच्या सलग सीटवर आम्ही तिघं, केशव चालवायला, मधे मी, खिडकीशी म्हातारी. मागे केशवची बायको यमुना. म्हातारी बारीक चणीची, शांत, डोळ्यांवर एका काडीला दोरा बांधलेला चष्मा. मला वाटलं होतं केस मोकळे सोडून घुमणारी बाई असेल. ही तर सुनेच्या पाठीशी उशी नीट ठेवून गाडीत बसली.

"मिस्त्री होय का जी तुमी?" तिनं विचारलं. "वासुदेवचं काम करा चांगलं. हा रोज तेल पाजत नाही त्याले. मीच पायतो त्याचं खाणंपिणं. नव्याच्या दिवशी पयला घास त्याचा, मंग घरचे खातेत."

नवं म्हणजे नवीन धान, म्हणजे भात, घरात आल्यावरचा सण. आमच्याकडे त्या दिवशी नांगराला, बैलबंडीला, अवजारांना नव्या धानाचा मान देतात. गाडीपुढे दाणे ठेवत असेल, असं मी समजलो आणि मान हलवली.

कापणी झाली होती. दोन्हीकडे धानाचे पुंजणे, म्हणजे कापलेल्या पेंढ्यांच्या गंज्या, लागले होते, माणूस कुठे दिसत नव्हतं. तलाव आला. पाण्यावर शिंगाड्याचे वेल दाट पसरले होते, त्यामुळे पाणी दिसत नव्हतं, नुसती हिरवी सतरंजी. रस्ता डावीकडे वळून पाळीवर चढतो. केशवनं गिअर टाकला. गाडीचं नाक वर झालं. मी पिवळ्या दिव्याकडे बघत होतो, आणि गाडीतलं दुसरं कुणीही दुसरीकडे बघत नव्हतं.

दिवा लागला.

लुकलुकला नाही. उघडी तार टेकते तेव्हा दिवा फडफडतो. हा सावकाश उजळत गेला, कुणी वात वर केल्यासारखा, आणि स्थिर झाला. मागे यमुनेनं पदर पोटावर ओढून घेतल्याचं मला ऐकू आलं.

"आला," म्हातारी म्हणाली. केशवनं न सांगता गाडी थांबवली. इंजिन चालूच होतं.

म्हातारी पुढे वाकली. तिच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत दोन पिवळे ठिपके दिसत होते. ती बोलली ती आपण ओसरीवर बसलेल्या माणसाशी बोलतो तशी. "बाबू, सूनबाईचे दिवस भरत आले. तुह्याच गाडीतून न्या लागन. नीट नेजो. घाई नोको करजो." मग थोडं थांबून, काही ऐकल्यासारखी मान डोलावून, "हो. जाऊ दे आता आमाले."

आणि दिवा विझला.

यात काय घडलं ते मी आज दहा वाक्यांत सांगू शकतो. गाडी थांबली की चेंबरातला गाळ खाली बसतो, जाळी मोकळी होते, दाब परत येतो, दिवा विझतो. त्या घडीला मला ते सुचलं नाही. माझी तार पक्की होती, मी स्वतः गुंडाळली होती, तरी दिवा लागला होता आणि बाईनं जा म्हणताच विझला होता.  देव नदीत सोडणाऱ्या बापाचा मी मुलगा, मी भ्यालो. त्या सीटवर माझ्या डाव्या-उजव्या बाजूला जिवंत माणसं होती आणि तरी समोरून कुणीतरी माझ्याकडे बघतं आहे, असं मला वाटलं.

परत आल्यावर म्हातारी आत गेली. यमुना अंगणातच थांबली. माझ्याशी ती एवढंच बोलली. "मिस्त्रीभाऊ, बाळंतपणाले मले याच गाडीत नेतीन. तो दिवा लागला ना, त मी तितंच उतरीन. चालत जाईन, पण बसणार नाही."

ती खरंच उतरली असती. तिचा चेहरा बघून मला यात शंका उरली नाही. गावात दुसरी गाडी नाही, एसटी दोन कोसांवर थांबायची. केशव माझ्याकडे बघत होता. तो म्हणाला, "लागूच नये असं करता येते का जी?"

करता येतं. कसं करता येतं ते मी वर सांगितलंच आहे.

खरं म्हणजे काय करायला हवं होतं तेही सांगतो, म्हणजे कुणा मिस्त्रीच्या उपयोगी पडेल. तार पक्की असून दिवा लागतो, तर दिवा खरं बोलतो आहे. तेलाचा दाब मोजायचं मीटर माझ्या दुकानात होतं. ते इंजिनाला लावून पाळीवर जायचं आणि काटा पडतो का ते बघायचं. पडला तर चेंबर उघडायचा. चेंबर हे माझं काम नव्हतं, ते माझ्या शेजारच्या दुकानातल्या हमीदभाईचं. आमचं दोघांचं ठरलेलं भांडण होतं, वायर माझी, तेल त्याचं. मी एकदा 'तारेचा दोष' म्हणून सांगितलेली गाडी त्याच्या दारात कशी नेऊ? हे एक कारण. पण ते लहान कारण आहे. मोठं कारण असं, की मला त्या गाडीतून पाळीवर पुन्हा जायचं नव्हतं. मला तो दिवा पुन्हा बघायचा नव्हता.

मी पिवळ्या दिव्याची तार इंजिनावरून काढली आणि लाल दिव्याच्या तारेला जोडली. चावी फिरवली, दोन्ही लागले. इंजिन सुरू केलं, दोन्ही विझले, एकदम, शहाण्या मुलांसारखे. केशवला म्हणालो, आता नाही लागणार. कसं केलं ते सांगितलं नाही. "तेल मात्र रोज बघत जा," एवढं बजावलं. त्यानं रोज बघितलं, आणि तेल होतं. तेल कमी नव्हतंच.

महिन्याभरानं केशव लाखनीच्या बाजाराला आला तेव्हा दुकानात डोकावला. यमुना आता जेवते, गाडीत बसते, सांगत होता. मी विचारलं, आई?

"आई पाळीवर आली का बोट वाकवून त्या दिव्याच्या काचेवर वाजवते. दार वाजवते तशी. म्हणते, आतून कडी लावली काय बाबू." तो थोडा हसला. मीही हसलो, आणि त्या दिवशी हॉर्नची तार दिव्याला आणि दिव्याची हॉर्नला जोडून बसलो. ट्रकवाल्यानं मला शिव्या घातल्या.

पौषात यमुनेला कळा सुरू झाल्या त्या सकाळी. सुईणीनं बघितलं आणि म्हणाली, मूल आडवं आहे, पवनीच्या दवाखान्यात न्या. तासाभरात ते निघाले. केशव चालवत होता, मागे यमुना, तिचं डोकं म्हातारीच्या मांडीवर. पुढचं मला केशवनं सांगितलं, एकदाच, माझ्याकडे न बघता.

पाळीवर चढताना इंजिनातून आवाज सुरू झाला. टक्, टक्, टक्. आधी बारीक, मग ठळक. म्हातारीनं मान वर केली. "थांब," ती म्हणाली. "तो वाजवून राहिला आतून."

केशवनं दिव्याकडे पाहिलं. दिवा विझलेला.

"थांब ना रे केशव. वासुदेव थांब म्हणून राहिला."

"दिवा कुठी लागला आई? काही नाही झालं," केशव म्हणाला आणि बायकोचं कण्हणं ऐकून त्यानं वेग वाढवला. तो तरी दुसरं काय करणार होता? मिस्त्रीनं दिवा दुरुस्त करून दिला होता. पाळ उतरल्यावर मैलभर गाडी गेली. टक्‌टक् वाढत वाढत घणासारखी झाली, मग एकदा मोठा आवाज आला आणि इंजिन जाम झालं. बेअरिंग तेलावाचून सुकली की असाच आवाज करतात. तिथे थांबून, इंजिन निवू देऊन, हळूहळू गेले असते तर कदाचित पोचले असते. कदाचित या शब्दाशी मी पुष्कळ वर्षं भांडलो आहे.

शेतातून बंडी मिळवायला वेळ गेला. बंडीतून पवनीला पोचेपर्यंत दुपार टळून गेली होती. यमुना वाचली. बाळ हाती लागलं नाही. मुलगा होता.

गाडी दोर बांधून ट्रॅक्टरनं लाखनीला आणली, हमीदभाईच्या दारात. केशव तिथेच बाकावर बसून राहिला, मग उठून चहाच्या टपरीकडे गेला. मी हमीदभाईकडे गेलो आणि म्हणालो, मी मदत करतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पाना माझ्या हातात दिला. आमचं भांडण तिथे संपलं. चेंबरचे नटबोल्ट सोडले, काळं तेल काढलं, चेंबर खाली घेतला. जाळी दिसली.

जाळी दिसली म्हणणं बरोबर नाही. जाळीच्या जागी एक काळा गोळा होता, मुठीएवढा. हमीदभाईनं बोट घालून तो फोडला आणि तळहातावर घेतला.

"अरे, ये तो धान है," तो म्हणाला. "गाड़ी धान खा रही थी क्या?"

धानच होतं. टरफलासकट, तेलात भिजून काळं झालेलं. काही दाणे जुने, कुरकुरीत, काही त्यामानानं ताजे. एक अख्खी लोंबी होती, दांड्यासकट. तीन वर्षांचं नवं. मला झाकणावरची हळदकुंकवाची बोटं आठवली. म्हातारीनं थोरल्याला रोज सकाळी तिथे तेल ओतताना पाहिलं होतं. गाडीचं तोंड ते, हे तिला ठाऊक होतं. मुलगा गेल्यावर दर वर्षी नव्याच्या दिवशी झाकण उघडून तिनं त्याला पहिला घास भरवला होता. दाणे वरून गळत गळत चेंबरात उतरले होते. सपाट रस्त्यावर ते तळाशी पडून राहत. पाळीवर गाडी चढली, वळली, की घसरून जाळीवर येत आणि पंपाची वाट अडत. मग दिवा लागे. दिवा लागला की म्हातारीला मुलगा भेटे. मुलगा भेटला की पुढच्या नव्याला ती आणखी प्रेमानं घास भरवी.

मी हमीदभाईच्या ओट्यावर खाली बसलो. मला सगळं कळलं होतं आणि कुठेही भूत नव्हतं, आणि इतकी भीती मला पाळीवरही वाटली नव्हती.

हमीदभाईला मी सांगितलं.  मग त्यानं ते धान एका फडक्यात बांधलं आणि माझ्याकडे दिलं. "मैंने कुछ नहीं देखा," तो म्हणाला.

केशव आला तेव्हा मी त्याला म्हणालो, जाळीत गाळ बसला होता. जुन्या गाडीत बसतो. दिवा तुला सांगत होता, मी त्याची तार तोडून दुसरीकडे जोडली. मी ती जोडली नसती तर तुला वेळेवर कळलं असतं. चूक माझी आहे. यातला एक शब्दही खोटा नव्हता, गाळ हा एक सोडून. केशवनं माझी गचांडी धरली असती तर बरं वाटलं असतं. त्यानं मान हलवली आणि तो बसनं गेला. गाडी पुढे भंगारात गेली. त्या बाजूची गिऱ्हाइकं माझ्याकडे यायची थांबली. बरोबरच होतं त्यांचं.

फडकं मी फेकू शकलो नाही. नदीत सोडावं म्हटलं तर ते आमच्या घराण्यात एकदा झालेलं होतं, पुन्हा जमेना. उडालेले बल्ब टाकायचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात ते ठेवलं आणि डबा मागच्या फळीवर सारला.

पुढच्या नव्यानंतर, कार्तिकातल्या एका सकाळी, म्हातारी दुकानात आली. एकटी, एसटीनं, दोन ठिकाणी बस बदलून. मी स्टूल पुढे केलं, तिनं बसून घेतलं. चष्म्याचा दोरा बदललेला होता. मी वाट बघत होतो की आता ती बोलेल, आणि तिनं बोलावं असं मला मनापासून वाटत होतं.

"तुमी दिव्याची तार कापली होती म्हणते केशव."

"हो, आजी."

"मंग तो लावतच असंन. आमाले दिसलं नाही."

"हो. तो लावत होता. मी दिसू दिलं नाही."

तिनं मान हलवली.  मग हात मांडीवर घट्ट धरून म्हणाली, "एक विचारतो मिस्त्री. साल झालं, कोनाले विचारलं नाही. मी त्याले नव्याचे धान चारे. तेलाच्या तोंडातून. कोनाले सांगितलं नाही, केशवलेबी नाही. आता मले झोप येत नाही. माह्याच धानानं त गाडी अटकली नाही? माह्याच हातानं त नातू गेला नाही?" ती पुढे वाकली.  "तुमी इंजन खोललं. धान निंगलं काय जी?"

डबा माझ्या पाठीमागे, डोक्याच्या उंचीवर होता.

"नाही, आजी."

"एकबी दाना?"

"एकही नाही. नुसतं तेल आणि गाळ."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांचं खोटं पकडलं, त्यामुळे पकडणारी नजर मला ओळखता येते. मी डोळे हलवले नाहीत. हळूहळू तिचे हात मांडीवर सैल पडले.

"मंग खाल्लं त्यानं," ती म्हणाली.

मग तिनं कमरेची पुडी काढून त्यातलं यंदाचं मूठभर नवं धान माझ्यासमोर बाकड्यावर ठेवलं, कुणाला द्यायचं ते सांगितलं नाही, आणि पदर सारखा करून ती बस धरायला निघून गेली.